पुण्यात नव्यानं आलेल्यांसाठी: विचारायचं कसं, सांगायचं कसं

जून-जुलै आला की स्वारगेटला आणि वाकडेवाडीला उतरणारी गर्दी बदलते. पाठीवर सॅक, हातात घरून दिलेल्या चिवड्या-लाडवांची पिशवी आणि मोबाईलमध्ये ‘कॉट बेसिस’च्या, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं देण्याच्या, जाहिरातींचे चार-पाच नंबर. कुणी स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत, कुणी इंजिनिअरिंगला, कुणी हिंजवडीत पहिल्या नोकरीला. मी बरीच वर्षं नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलामुलींना ऑफिसात बोलायला-लिहायला शिकवते. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: इथली माणसं तुसडी आहेत, धड उत्तर देत नाहीत, बोलणं अर्धवट असताना फोन ठेवतात.

थोडं खरं आहे, पुण्याची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. पण प्रसंग नीट ऐकून घेतला की बऱ्याचदा वेगळंच निघतं. विचारणाऱ्यानं मोघम विचारलेलं असतं, सांगणाऱ्यानं त्याच्या सोयीचं सांगितलेलं असतं, आणि समोरच्याला नेमकं काय कळलं हे दोघांपैकी कुणीच तपासलेलं नसतं. हा लेख त्या तपासण्याबद्दल आहे. गोड कसं बोलावं याचे क्लास शहरात पुष्कळ आहेत, ते निराळे.

पायरी पहिली: फोन लावण्याआधी कामाचं एक वाक्य तयार ठेवा

नमुन्यादाखल एक फोन. असे फोन पेठांत रोज होतात.

“हॅलो.”
“हॅलो काका, मी लातूरहून बोलतोय.”
“बोला.”
“म्हणजे आता पुण्यातच आलोय. ते जाहिरात बघितली होती.”
“कसली?”
“रूमची. आहे का?”
“किती जण आहात? कधीपासून पाहिजे?”
“एकटाच आहे. म्हणजे एक मित्र पण आहे, तो बहुतेक नंतर येईल.”
“बरं, मग तुमचं ठरलं की करा फोन.”

आणि फोन बंद. मुलाला वाटतं, काका खडूस आहेत. काकांना वाटतं, या मुलाचं काही ठरलेलं नाही. आता हाच फोन दुसऱ्या पद्धतीनं:

“नमस्कार काका, नारायण पेठेतल्या कॉटची जाहिरात वाचून फोन करतोय. जागा आहे का अजून?”
“आहे.”
“मी एकटा आहे, एमपीएससीचा अभ्यास करतो. एक तारखेपासून हवी आहे. आज संध्याकाळी बघायला येऊ का?”
“सहानंतर या.”
“सहा ते सातच्या दरम्यान येतो. याच नंबरवर पत्ता पाठवाल का?”

काका दोन्हीकडे तेच आहेत आणि तेवढंच बोलतायत. त्यांना असे फोन सारखे येतात आणि प्रत्येक वेळी त्यांच्या डोक्यात तीनच प्रश्न असतात: कोण, किती जण, कधीपासून. ही उत्तरं न मागता मिळाली की त्यांचा जीव भांड्यात पडतो. म्हणून क्रम असा ठेवा: फोन कशासाठी, मी कोण, मला काय हवंय, कधी. सुरुवातीला कागदावर लिहून समोर ठेवलंत तरी हरकत नाही.

गावाकडे आधी ख्यालीखुशाली, मग पाऊसपाणी, मग काम अशी रीत असते. ओळखीच्या माणसांत ती इथंही चालते. अनोळखी माणसाला मात्र प्रस्तावना लांबली की शंका येते, हा काहीतरी विकणार किंवा मागणार. आणि ‘बोला’ ऐकून बिचकू नका. पुण्यात फोनवर ‘बोला’ म्हणजे ‘मी ऐकतोय’, त्यात राग नसतो.

वेळेचंही बघा. दुपारी एक ते चारवर एवढे विनोद झालेत की बाहेरच्यांना तो नुसता विनोदच वाटतो. पेठांतल्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत ज्येष्ठ मंडळी त्या वेळात खरोखर आडवी होतात. झोपेतून उठवून विचारलेल्या प्रश्नाला चांगलं उत्तर जगात कुठेच मिळत नाही. सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी पाचनंतर फोन करा.

पायरी दुसरी: हाक नीट मारा

घरमालक, शेजारी, वाचनालयातले गृहस्थ यांना काका-काकू. ‘आजोबा’ जपून वापरा. रोज सकाळी पर्वती चढून येणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांना ते आवडेलच असं नाही, त्यापेक्षा काका बरं. रिक्षावाले आणि दुकानातली मुलं दादा, वयानं मोठे असले तर काका. मंडईत भाजी घेऊन बसलेल्या बाईंना मावशी किंवा ताई म्हणा. पन्नाशीतल्या बाईंना आजी म्हणालात तर कोथिंबिरीची जुडी बारीक मिळेल. बसच्या कंडक्टरला, ऑफिसातल्या शिपायाला ‘मामा’ म्हणतात. नागपूर-अमरावतीकडून आलेल्यांच्या तोंडात ‘भाऊ’ बसलेलं असतं, तेही चालतं.

बँकेत आणि सरकारी कचेरीत सर-मॅडम. हिंजवडी, खराडीच्या कंपन्यांत उलटा कारभार: वीस वर्षांनी मोठ्या मॅनेजरलाही नावानं हाक मारतात. पहिल्यांदा जीभ अडखळते, पण तिथं सारखं ‘सर, सर’ करणाऱ्याला नवखा समजतात. मराठीत बोलताना नाव घेतलं तरी पुढचं क्रियापद मात्र ‘तुम्ही’चं ठेवा: ‘समीर, तुम्ही मेल बघितलीत का?’ समोरचा स्वतःहून ‘अरे, तू म्हण’ म्हणाला की मग तू. घरकामाला येणाऱ्या मावशींना आणि वेटरला बिनदिक्कत ‘तू’ म्हणणारी शिकलीसवरलेली माणसं या शहरात पुष्कळ भेटतील. त्यांचं अनुकरण करायचं काही कारण नाही.

बोलीबद्दल सगळेच विचारतात. माझं मत सरळ आहे: तुमची बोली बदलू नका. ‘लई’ म्हणणाऱ्यानं ओढूनताणून ‘खूप’ म्हटलं की सगळं लक्ष शब्दांवर जातं आणि काम बाजूला राहतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. वेग थोडा कमी ठेवा, आणि एखादा शब्द समोरच्याला कळला नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं तर दुसरा शब्द वापरून तेच परत सांगा. कुणी हसलंच तर हसू द्या. वर्षभरात त्याच्याही तोंडात तुमचे चार शब्द येतात.

पायरी तिसरी: तुमच्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात नाही, हे धरून चाला

१९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन हिनं पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सगळ्यांच्या ओळखीच्या गाण्याची लय बोटांनी टेबलावर वाजवायची आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी गाणी तरी ओळखू येतील. वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. खोटं वाटत असेल तर आज रात्री रूममेटसमोर गणपतीची आरती टेबलावर वाजवून बघा. तुमच्या डोक्यात टाळ-झांजांसकट आरती चालू असते, त्याला नुसती टकटक ऐकू येते. वर ‘एवढं पण कळत नाही?’ म्हणून तुम्हालाच त्याचा राग येतो.

पुण्यात याचा सगळ्यात रोकडा अनुभव पत्ता सांगताना येतो. ‘चौकातून आत या, मारुतीपाशी.’ इथं मारुती काय कमी आहेत? पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती. सांगणारा त्या गल्लीत तीस वर्षं राहिलेला असतो, त्याच्यापुरता मारुती एकच. तेव्हा ऐकणाऱ्यानं विचारून घ्यायचं: कुठला मारुती? देवळाच्या अलीकडे की पलीकडे? डाव्या हाताला म्हणजे कुठून येताना डावा? हे तीन प्रश्न विचारणाऱ्याला कुणी मूर्ख समजत नाही. मूर्ख ठरतो तो, जो ‘हो हो, कळलं’ म्हणून निघतो आणि दहा मिनिटांनी परत फोन करतो.

दिवसांचंही तेच. ‘परवा’ होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. ‘आठ दिवसांनी या’ असं शिंपी म्हणाला तर हिशेबानं आठवा दिवस मोजू नका, तो पुढच्या आठवड्यातला आजचाच वार सांगतोय. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी. आणि ‘पुढचा रविवार’ म्हणजे येता की त्यानंतरचा, यावर एकाच घरातल्या दोघांचं जमत नाही. म्हणून वार आणि तारीख दोन्ही बोला: ‘रविवारी, म्हणजे चौदा तारखेला.’ तारीख नि वार जुळत नसतील तर ते तिथल्या तिथे उघड होतं, हा जास्तीचा फायदा.

पायरी चौथी: ऐका, आणि ऐकलेलं परत बोलून दाखवा

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या १० भाषांमधली रोजची संभाषणं तपासली होती. त्यात मराठी नव्हती, पण भाषा अगदी वेगवेगळ्या खंडांतल्या होत्या. एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो असं दिसलं, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. आता एखाद्या वस्तूचं चित्र बघून तिचं नुसतं नाव उच्चारायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. मग एवढ्या झटपट उत्तर येतं कुठून? तर समोरचा बोलत असतानाच आपण आपलं वाक्य जुळवत असतो. गप्पांत ते बरंच आहे, नाहीतर कट्ट्यावरच्या गप्पा रंगल्या नसत्या. पण जिथं पैसे, वेळा, अटी असतात तिथं वाक्याची शेपटी निसटते. आणि अटी नेमक्या शेपटीत असतात.

मेसचं घ्या. महिन्याचे पैसे देताना मावशी एका दमात सांगतात: “दोन वेळचं जेवण, सकाळी अकरा ते दोन, संध्याकाळी साडेसात ते दहा. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. खाडे धरते, पण सलग चार दिवस असले तर आणि आधी सांगितलं तर.” खाडे धरणं म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करणं. हे शेवटचं वाक्य ऐकताना मुलाचं लक्ष खिशातल्या पाकिटाकडे. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आल्यावर भांडण: “मावशी, तुम्ही खाडे धरते म्हणाला होता!” मावशी म्हणाल्याच होत्या. तुम्ही सांगून गेला नव्हता.

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे. पैसे देण्याआधी ऐकलेलं परत म्हणायचं: “म्हणजे मावशी, चार दिवस सलग जाणार असलो आणि आदल्या दिवशी सांगितलं तर खाडे धरणार. बरोबर?” मावशी म्हणतील, “आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी.” बघा, राहिलं होतं की नाही? लोहगावला उतरणारा वैमानिकसुद्धा कंट्रोल रूमनं दिलेली उंची आणि धावपट्टीचा क्रमांक परत म्हणून दाखवतो. त्याला ऐकू येत नाही म्हणून नव्हे. चुकलं असेल तर ते जमिनीवरच्या माणसाच्या लक्षात यावं म्हणून.

परत म्हणताना एक पथ्य पाळा: समोरच्याचेच शब्द पोपटासारखे म्हणू नका, आपल्या शब्दांत म्हणा. तेच शब्द आले की समोरचा सवयीनं ‘हो’ म्हणतो. शब्द बदलले की त्याला थांबून तपासावं लागतं. आणि ‘कळलं का?’ हा प्रश्न कुणालाही विचारू नका. त्याचं उत्तर शाळेपासून ‘हो’ असंच द्यायची आपल्याला सवय आहे. त्यापेक्षा ‘सुरुवात कुठून करशील?’ असं विचारा. उत्तरावरून काय पोचलं ते दिसतं.

पायरी पाचवी: देहबोली, पण बेतानं

कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात एक तक्ता दाखवतात: संवादात शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, देहबोली ५५ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत, पण ते प्रयोग बोलण्यातून आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरते होते. सुटे शब्द, वेगवेगळे आवाज आणि चेहऱ्यांचे फोटो वापरून केलेले. आपले आकडे सगळ्या संवादाला लागू नाहीत, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. नाहीतर भाड्याची अट नुसत्या हावभावांनी कळली असती. तेव्हा बोलताना मोबाईल खिशात ठेवा, समोरच्याकडे बघा, आवाज शेवटच्या शब्दापर्यंत ऐकू येईल असा ठेवा. पुष्कळ झालं.

पायरी सहावी: ‘बघतो’चं काय करायचं

पुणेकर तोंडावर ‘नाही’ म्हणतो अशी त्याची ख्याती आहे. खरं तर तोंडावरचं ‘नाही’ फार उपकारक असतं, तुम्ही लगेच पुढच्या दाराशी जाऊ शकता. अडचण ‘बघतो’, ‘कळवतो’, ‘सांगतो तुम्हाला’ यांची आहे, आणि ती काही पुण्यापुरती नाही. घरमालकांनी ‘कळवतो’ म्हटलं आणि तुमचा नंबरही घेतला नाही, तर ते नाहीच आहे. नंबर घेतला तर विचारा: “काका, शनिवारपर्यंत तुमचा फोन आला नाही तर मी दुसरीकडे बघू ना?” यात घाई नाही आणि उद्धटपणाही नाही. बहुतेक काका इथं खरं काय ते सांगून टाकतात.

आता तुमच्या बाजूनं. ऑफिसात नवीन मुलांचं लाडकं वाक्य आहे: ‘होऊन जाईल.’ वरिष्ठांनी विचारलं, “रिपोर्ट उद्यापर्यंत होईल का?” आणि निम्म्या नोंदी अजून आल्याच नाहीत हे माहीत असताना उत्तर येतं, “हो, होऊन जाईल.” नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून. उद्या येतो आणि रिपोर्ट नसतो. त्याऐवजी असं म्हणून बघा: “उद्यापर्यंत पूर्ण होणार नाही, दोन शाखांचे आकडे यायचे आहेत. आलेल्या शाखांचा रिपोर्ट उद्या दुपारी देते, उरलेला गुरुवारी. चालेल का?” काय होणार नाही, का, काय होईल, कधी होईल. चारही गोष्टी दोन वाक्यांत आल्या. वरिष्ठांना त्यांच्या वरच्यांना काय सांगायचं ते कळलं, आणि तुमच्यावर विश्वास बसायला सुरुवात झाली. वाईट बातमी लवकर सांगणाऱ्याला फार तर थोडं ऐकून घ्यावं लागतं. उशिरा सांगणाऱ्याला काम काढून घेतलं जाण्यापर्यंत भोगावं लागतं.

मित्रानं पैसे मागितले, बाईक मागितली, तरी हेच: “नाही रे, गाडी मी कुणाला देत नाही.” एक कारण दिलं तर चालतं, तीन दिली की खोटी वाटतात. आणि त्यातल्या प्रत्येकावर तोडगा काढून तो परत येतो.

पायरी सातवी: लिहिताना

व्हॉट्सॲपवर ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. समोरच्याला कळत नाही की हे निवांत आहे की तातडीचं. एकाच मेसेजमध्ये सगळं लिहा: ‘नमस्कार काकू, मी दुसऱ्या मजल्यावरची प्राजक्ता. बाथरूमचा नळ कालपासून गळतोय. प्लंबरला उद्या (मंगळवार) सकाळी दहाला बोलावू का? तुमचे नेहमीचे असतील तर त्यांचा नंबर द्या.’ काकूंना उत्तरात ‘हो’ एवढंच लिहायचंय. उत्तर द्यायला सोपा मेसेज असेल तर उत्तर लवकर येतं, यात मोठं शास्त्र नाही.

आवाजी मेसेज ज्येष्ठांना पाठवा, त्यांना टाइप करण्यापेक्षा ते सोपं वाटतं. ऑफिसात मात्र शक्यतो नको. तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून एक तारीख शोधत बसणाऱ्याच्या मनात काय येतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. थट्टा आणि टोमणे लेखी पाठवताना दहादा विचार करा. आवाजातलं हसू अक्षरांतून पोचत नाही, आणि अंगठ्याचं चित्र कुणाला होकार वाटतं तर कुणाला ‘पुरे आता’.

नेमकं लिहावं कसं हे शिकायचं असेल तर पुणेरी पाट्या वाचा. मी गंमत करत नाहीये. पाटी लिहिणाऱ्याला तीन गोष्टी पक्क्या माहीत असतात: वाचणारा कोण आहे, तो काय करणार आहे आणि वर कुठली सबब सांगणार आहे. समजा एखाद्या फाटकावर असं लिहिलंय: ‘येथे वाहन लावू नये. दोन मिनिटांचे काम असले तरीही.’ दुसरं वाक्य सबबच काढून घेतं. कामाच्या मेलमध्येही हेच करायचं, समोरच्याला पडणारा पुढचा प्रश्न आधीच ओळखून त्याचं उत्तर लिहून ठेवायचं. पाटीचा नेमकेपणा उचला. तिचा सूर मात्र फाटकावरच राहू द्या.

पायरी आठवी: रूममेटशी वाजलं तर

वाजणारच. पाण्याचा जार, गॅसचं सिलिंडर, रात्री दोनपर्यंतचा लाईट, न घासलेला कुकर. चौघं जण एका खोलीत राहतात तिथं कुकर हा राष्ट्रीय प्रश्न असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी अशा वेळी बोलण्याचे चार टप्पे सांगितले होते: काय घडलं ते सांगा, त्यानं मला काय वाटलं ते सांगा, माझी गरज काय ते सांगा, मग स्पष्ट विनंती करा. पद्धत चांगली आहे. पण चारही टप्पे ओळीनं म्हणून दाखवले तर सदाशिव पेठेतल्या खोलीत ते नाटकातल्या संवादासारखं वाटतं आणि रूममेट हसतो. माझ्या मते पहिला आणि शेवटचा टप्पा पक्का धरा, मधले दोन चेहऱ्यावरून कळतात.

‘तू कधीच भांडी घासत नाहीस’ हे घडलेलं नाही, तो निकाल आहे. ‘कधीच’ म्हटलं की समोरचा लगेच मागच्या मंगळवारी घासल्याचा पुरावा काढतो, आणि भांडण कुकरवरून मंगळवारवर जातं. ‘काल रात्रीचा कुकर सकाळी तसाच होता, मला भात लावता आला नाही’ हे घडलेलं आहे, त्यावर वाद घालता येत नाही. मग विनंती, तीसुद्धा करता येण्याजोगी: ‘रात्री ज्यानं शेवटी वापरला त्यानं निदान पाणी घालून ठेवायचा. चालेल?’ ‘जरा जबाबदारीनं वाग’ ही विनंती नाही, कारण उद्यापासून नेमकं काय करायचं ते तिच्यातून कळत नाही.

वेळ आणि जागा निवडा. चौघांसमोर नको, सकाळच्या घाईत नको, ग्रुपवर तर मुळीच नको. चहाला खाली बोलवा. शेजारी शेजारी उभं राहून, कटिंग हातात घेऊन नावडतं बोलणं सोपं जातं. समोरचा चिडलेला असेल तर त्याचं पूर्ण होऊ द्या आणि आधी त्याची बाजू त्याला सांगून दाखवा: “म्हणजे तुझं म्हणणं, मी लाईट चालू ठेवतो त्याचं काय?” हे ऐकलं की आवाज खाली येतो. मान्य केलंच पाहिजे असं नाही, पण त्याचं म्हणणं आपल्याला कळलंय एवढं तरी त्याला दिसतं.

पायरी नववी: जिथं कागद लागतो तिथं तोंडावर विसंबू नका

बोलणं कितीही चांगलं झालं तरी काही गोष्टी कागदावर हव्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार जागेचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. फ्लॅट घेताना हे सरळ विचारा: “काका, करार रजिस्टर कधी करायचा? माझी कागदपत्रं तयार आहेत.” ‘करणार ना?’ विचारण्यापेक्षा ‘कधी?’ विचारलं की बोलणं पुढे सरकतं. कॉट बेसिसवर बहुतेक वेळा असं काही होत नाही. तिथं निदान डिपॉझिट किती, परत कधी आणि नोटीस किती दिवसांची, एवढं त्यांना मेसेजवर पाठवून ठेवा: ‘काका, आज ठरल्याप्रमाणे…’ अशी सुरुवात करून. त्यांचं ‘ठीक आहे’ आलं की झालं.

सरकारी खिडकीवर गेलात तर आपला नंबर आला की आधी कामाचं वाक्य, मग कागद. “अमुक दाखला हवाय, ही कागदपत्रं आणलीत, यात काही कमी आहे का?” एक कागद कमी म्हणून परत पाठवलं तर तिथून हलण्याआधी विचारा, “हा आणला की आणखी काही लागेल का?” हा प्रश्न न विचारल्यामुळे लोक तीन-तीन फेऱ्या मारतात आणि मग कचेरीच्या नावानं बोटं मोडतात. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते, त्यामुळे अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख आणि अर्ज क्रमांक आहे का, ते तिथंच बघा. पुढच्या वेळी गेलात की ‘साहेब, माझ्या कामाचं काय झालं?’ असं मोघम विचारू नका. आधी क्रमांक सांगा, मग तारीख, आणि पोच खिडकीतून आत सरकवा. मूळ प्रत मात्र घरी ठेवा, आत द्यायची ती झेरॉक्स.